वहिनीच्या कमरेची किल्ली

तुमच्या हाताखाली कधी माणसं आली होती का? दोन-चार का होईना? आली असतील तर खरं सांगा, तुमचा आवाज किती दिवसांत बदलला? माझा काही बदलला नाही, असं म्हणणार असाल तर इथेच थांबा, पुढचं तुमच्यासाठी नाही. बाकीच्यांनी वाचा. एका धुलाईच्या कारखान्यात घड्या घालणाऱ्या बाईला मालकाने विचारलंय, सुपरवायझर होतेस का? सोमवारी तिला हो की नाही ते सांगायचंय. ती मला विचारते, "ताई, होऊ का?" आणि एरवी कुणालाही कशावरही ऐकवणारी मी गप्प बसलेय.

का गप्प, ते कळायला तिची वहिनी कळायला हवी.

ही बाई आणि तिची वहिनी एकाच खात्यात कामाला, समोरासमोर. दिवसभर तिच्या तोंडी "वहिनी, वहिनी", म्हणून ट्रक ड्रायव्हरपासून कारकुनापर्यंत सगळेच वहिनी म्हणू लागले. वहिनीच्या नवऱ्याला फुकटात एवढी भावंडं मिळाली. ही तिची ननंद, नवऱ्याचं घर सोडून आलेली, भावाकडेच राहते. सकाळी दोघी एकाच कुलपाला किल्ली लावून निघायच्या, एकीचा डबा दुसरीच्या पिशवीत.

इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी इथे ढिगाने येतात. धुऊन, तापलेल्या रोलरमधून दाबून निघतात आणि समोरच्या लांब टेबलावर घडी होते. मोठी चादर एकटीच्या आवाक्यातली नाही. दोन कोपरे हिच्याकडे, दोन तिच्याकडे, एक झटका, मग चालत समोरासमोर यायचं. म्हणून सगळ्या बायका जोडीने उभ्या. ननंद-भावजयीची जोडी सगळ्यांत तेज. तोंडाने घरचं भांडण चालू, हात मात्र एका मापाचे.

पूर्वी तिथे संडासाला कुलूप होतं आणि किल्ली सुपरवायझरकडे. बाईने जाऊन मागायची, त्याने घड्याळाकडे बघायचं. रोलरची धग अशी की पाणी प्यावंच लागतं, आणि प्यायलं की जावं लागतं. ननंदेला मूतखड्याचा त्रास. डॉक्टरने बजावलेलं, लघवी अडवून ठेवायची नाही. एक दिवस सुपरवायझर तिला नाही म्हणाला आणि वहिनीने हातातली चादर टेबलावर टाकली. म्हणाली, "बाई म्हणजे जनावर आहे का, तुम्ही सोडाल तेव्हाच मोकळी व्हायला?" तिचं बघून शेजारच्या जोडीने हात सोडले, मग त्यांच्या शेजारच्या. रोलरमधून चादरी येत राहिल्या आणि जमिनीवर साठत गेल्या. मालक खाली आला. त्या दिवसापासून किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला लटकली. घेणारीने घ्यायची, आणून लावायची, विचारायचं कुणाला नाही.

मी कामगार संघटनेचं काम करते. अशी बाई मला पुन्हा मिळाली नाही.

मालक बारा गावचं पाणी प्यायलेला. सुपरवायझर सोडून गेला तेव्हा त्याने ती जागा वहिनीलाच दिली. आम्ही खूश. आपलं माणूस वर गेलं, आता बघा, असं सगळ्याच म्हणालो.

पहिल्या महिन्यात वहिनीने कुणावर आवाज चढवला नाही. किल्ली खिळ्यालाच. बदलली ती फक्त तिची बसायची जागा. काचेच्या केबिनमध्ये कारकून, मालकाचा भाचा आणि ती. डबाही तिथेच, कारण टेबलावर येऊन बसली की बायका गप्प व्हायच्या. त्यांनीच आधी तिला "मॅडम" म्हणायला सुरुवात केली, थट्टेत. केबिनमध्ये भाचा रोज एकच विनोद करायचा, की बायकांच्या पोटात नळ बसवलाय. वहिनी आधी नाइलाजाने हसायची. मग मोकळेपणाने हसू लागली. मग एक दिवस तो विनोद तिनेच केला.

ट्रक फाटकात उभा, हॉटेलवाला फोनवर तिलाच शिव्या देतोय आणि टेबलावरच्या दोन जोड्या मोडलेल्या, एकेक जण संडासाकडे गेलेली. त्या दिवशी तिने खिळ्यावरची किल्ली काढून कमरेला खोचली. आजच्या दिवसापुरती म्हणाली. पुन्हा ती खिळ्याला गेली नाही.

ननंद एका शिफ्टमध्ये तिसऱ्यांदा मागायला आली तेव्हा वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझा खडा घरी ठेवून येत जा." बायका हसल्या. ज्यांच्यासाठी चादर टाकली होती त्याच हसल्या. मी नंतर एकेकीला गाठून विचारलं, का हसलात? प्रत्येकीने सांगितलं, बाकीच्या हसल्या म्हणून.

ननंदेने कारखान्यात पाणी प्यायचं सोडलं. आणि आता ऐका. एका संध्याकाळी घरी त्याच वहिनीने तिच्यासाठी जवाचं पाणी उकळलं, गाळलं, पेला हातात दिला आणि रागावली, दिवसभर पाणी पीत नाहीस, मरायचंय का? ढोंग नव्हतं ते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दिवसा किल्ली कमरेला, संध्याकाळी पेला हातात, आणि या दोन बायका तिच्या आत एकमेकींना भेटतच नव्हत्या.

माझं टाळकं सरकलं. वहिनीच्या घरी जाऊन वाट्टेल ते बोलले. तिने शांतपणे चहा पुढे केला. म्हणाली, ताई, तुम्हाला बाहेरून दिसत नाही, मलाही टेबलावर दिसत नव्हतं, निम्म्या जणी निव्वळ वेळ काढतात. मी म्हणाले, आणि ही? तर म्हणाली, हिला सूट दिली तर घरची म्हणून दिली म्हणतील. चहा चांगला होता, तो पिऊन परत आले.

ननंद तापाने फणफणली, इस्पितळात राहून आली. वहिनी रोज तिच्या उशाशी. किल्ली मात्र कमरेलाच राहिली.

मग मोठ्या हॉटेलने काम काढून घेतलं. मालकाने पदर झटकावा तशी वहिनीला झटकली आणि परत टेबलावर उभी केली. केबिन भाच्याकडे, किल्लीही त्याच्याकडे. वहिनीसमोर कुणी उभं राहीना. मोठी चादर ती हनुवटीखाली दाबून एकटीच घडी घालू बघायची, कोपरे जमिनीला लागायचे, घडी वाकडी व्हायची. बायका बघायच्या. कुणी टोमणा मारला नाही; त्याहून वाईट, कुणी बोललंच नाही. शेवटी ननंद आपली जोडी सोडून आली आणि समोरचे दोन कोपरे तिने उचलले. बस, तेवढंच. हळूहळू बाकीच्याही बोलू लागल्या.

आणि फार दिवस गेले नाहीत, भाच्याने एका बाईला किल्ली नाकारली, तर पहिला आवाज कुणाचा? वहिनीचा. "बाई म्हणजे जनावर आहे का?" तेच शब्द, तीच धार.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, वहिनी, तुझ्या कमरेला होती ती कुणाची किल्ली? मला वाटलं मान खाली घालेल. तिने सरळ बघितलं. म्हणाली, "तेव्हा मी खोटं बोलत नव्हते, ताई. आत्ताही बोलत नाहीये." मला ती थोबाडीत मारून गेली असती तर बरं झालं असतं.

आता भाचा दुसरीकडे चाललाय आणि मालकाने ननंदेला विचारलंय. तिला ती जागा हवीय. बसून काम, धगीपासून लांब, पाहिजे तेव्हा जाता येईल. तिने नाही म्हटलं तर मालक भाच्याच्या मेव्हण्याला आणणार, त्याच्या तोंडाची ख्याती सगळ्यांना माहीत आहे. तर हो म्हण, एवढं सोपं. पण परवा मी टेबलाशी उभी होते. नुसती बातमी फुटलीय, तर शेजारणीने तिच्यादेखत चालू थट्टा अर्धी सोडली. दुसरी उगाच तिची पिशवी उचलायला धावली. वहिनी म्हणाली, घे जागा, तू माझ्यासारखी व्हायची नाहीस.

ननंदेने विचारलं, "तुला वाटलं होतं का, तू होशील?"

वहिनीने चादरीला झटका दिला.

मी म्हणाले, पहिल्या दिवशी किल्ली खिळ्याला लाव. ननंद म्हणाली, वहिनीनेही आधी तिथेच ठेवली होती की. मी म्हणाले, डबा टेबलावर खा. ती म्हणाली, आणि त्या गप्प बसल्या तर? मी म्हणाले, मी लक्ष ठेवीन. त्यावर ती नुसती हसली. मागच्या वेळीही मी लक्षच ठेवून होते.

तेव्हा उपदेश नको, भाषण तर मुळीच नको, ते माझ्याकडे भरपूर आहे. तुमच्या ओळखीत एखादं माणूस असेल, अशा केबिनमध्ये वर्षभर बसून टेबलावरच्या माणसांचं राहिलेलं, तर मला त्याचा पत्ता द्या. कुठेही असू दे. सोमवारच्या आत ननंदेला घेऊन मी त्याच्या दारात येते.