बेचाळीस मिलिमीटर

आमची आत्या पंचवीस वर्षं हाताने इमारतींचे नकाशे काढायची. पन्नाशी उलटल्यावर ऑफिसातले ड्रॉइंग बोर्ड हलवले गेले आणि तिच्या हातात तीन पायांवरचं लेझर स्कॅनरचं यंत्र आलं. ते स्वतःभोवती सावकाश फिरतं, सगळीकडे किरण सोडतं आणि लाखो ठिपक्यांतून अख्खी इमारत संगणकावर उभी करतं. महिनाभरात आत्या त्याच्याशी अशी बोलायला लागली, जशी पूर्वी आमच्याशी बोलायची: "हलू नकोस, झालंच आता!"

एका जुन्या शाळेवर नवा मजला चढवायचा होता. लोखंडी तुळया कारखान्यात कापायच्या होत्या. आत्याने स्कॅन केलं, तर नकाशात सरळ दाखवलेली एक भिंत वरच्या टोकाला बेचाळीस मिलिमीटर बाहेर कललेली.

"मॅडम, यंत्रच चुकलं असेल," साइटवरचा इंजिनियर म्हणाला. "नकाशा पास झालाय. परवा तुळया कापायच्यात."

आत्याने यंत्राची जागा बदलून पुन्हा दोनदा स्कॅन केलं. आकडा तोच. तरी तिचं मन तिला खाऊ लागलं. त्या दिवशी डबा तसाच परत आला. आपण शिकलो उशिरा, काही राहून तर गेलं नसेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साइटवरच्या म्हाताऱ्या गवंड्याला गाठलं. "दादा, जरा ओळंबा सोडता का?"

गवंडी शिडीवर चढला. दोरीला बांधलेलं वजन खाली आलं, झुललं, थांबलं. गवंड्याने खाली उतरून पट्टी लावली, चष्मा पुसला, परत लावली.

"बेचाळीस," तो म्हणाला. "एकाने कमी नाही की जास्त नाही."

इंजिनियर सिमेंटच्या गोणीवर मटकन बसला. मग उठून त्याने कारखान्याला फोन लावला: "कापू नका! थांबा!"

त्या बाजूचे वर्ग हलवले, भिंतीला आधार दिला, तुळयांची मापं बदलली. दोन महिन्यांनी क्रेनने पहिली तुळई उचलली, तेव्हा आत्या खाली पदर मुठीत धरून उभी होती. तुळई अलगद जागेवर बसली. इंजिनियर वरूनच ओरडला, "मॅडम, बसली!" आणि आत्या चक्क रडली.

"तुला भीती नव्हती वाटली?" मी नंतर विचारलं.

"वाटली की! चूक निघाली असती, तर यंत्राला कोण बोललं असतं? मलाच ऐकावं लागलं असतं."

आता तो इंजिनियर नकाशा पास करण्याआधीच आत्याला फोन करतो.