कलावतीची दुपार आणि न्यू मेटल

सद्गुरुछाया बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी काय शिजतं याची खबर सगळ्यांना असायची, पण कलावती झोपते कधी हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. डोंबिवलीतली तळमजल्याची खोली, जिन्याला लागून. बाई ठाण्यातल्या एका खासगी इस्पितळात आया होती, कायमची रात्रपाळी. सकाळी परत यायची ती चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा. आल्यावर स्वयंपाक, कपडे, मग नवरा विठ्ठल कल्याणच्या कापडदुकानात गेला की दुपारी जेमतेम आडवं व्हायचं. त्यात चारला नळ येणार, म्हणजे उठून पिंपं भरायची. बाईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून वरच्या मजल्यावरची हौसाबाई म्हणायची, "काजळ चुकीच्या जागी घालतेस गं."

कलावती हसायची. पण नव्याण्णव सालच्या त्या दिवाळीनंतर तिचं हसू आटलं. वॉर्डात स्टुलावर बसल्याबसल्या तिचा डोळा लागला आणि मोठ्या सिस्टरनं दोनदा पकडलं. "तिसऱ्यांदा सापडलीस तर उद्यापासून येऊ नकोस," असं सिस्टर म्हणाली, तेही न ओरडता. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे दुपारची झोप ही आता चैन नव्हती, नोकरी होती. आणि नेमक्या त्याच दुपारी तिच्या खिडकीखाली, जिन्याच्या पायऱ्यांवर, न्यू मेटल नावाचं इंग्रजी संगीत म्हणजे काय याचा खल सुरू झाला.

खल करणारे दोघंच. एक तिचा मुलगा उत्तम, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, आजोबांचं नाव मिळालं म्हणून कायम चिडलेला. दुसरा नाथा, मागच्या चाळीतला, आवाजानं दांडगा. दोघांना डिसेंबरात कॉलेजच्या फेस्टिव्हलला वाजवायचं होतं. जवळ एक जुनी गिटार, नाथाच्या मावसभावानं भरून दिलेली एक कॅसेट, आणि ड्रमच्या जागी कलावतीचं निळं प्लास्टिकचं पिंप.

"अबे, तबकडी घासून स्क्रॅचिंग नाही तर न्यू मेटल कसलं?" नाथा सुरुवात करायचा.

"स्क्रॅचिंग गेलं खड्ड्यात. गिटारचा सूर खाली उतरवलेला पाहिजे. जाड वाजली पाहिजे. आणि सोलो मारायचा नाही. सोलो आला की ते जुनं मेटल."

"आणि रॅप? रॅप नाही मग त्यात नवीन काय? तुझी गिटार? तिला तर गंज आलाय."

"रॅप नसलं तरी चालतं. आतून राग आला पाहिजे. आधी शांत, शांत, आणि मग आवाज एकदम फाटला पाहिजे."

"तुला कसला रे राग? दोन वेळा आयतं गिळतोस."

इथं पिंपावर एक दणका बसायचा. आत कलावती कुशीवर वळायची. एकदा खिडकीतून म्हणाली, "अरे, जरा हळू." दोघंही पोरं गुणी. लगेच आवाज खाली आणला आणि कुजबुजत भांडू लागली. पण कुजबुजीत कुणी भांडण जिंकलेलं ऐकलंय का? चहाला आधण येईपर्यंत पुन्हा वरचा सूर लागला.

असं पंधरवडाभर ऐकून बाईला विषय पाठ झाला. रात्री वॉर्डात सगळे पेशंट गप्प, गप्प, आणि खिडकीजवळचा म्हातारा एकदम बोंबलला की तिच्या मनात यायचं, हेच ते उत्तम म्हणतो ते. मग डोळे मिटायला लागायचे आणि ती स्वतःला चिमटा काढायची. दंडावर निळं झालं होतं. विठ्ठलनं विचारलं तर म्हणाली, "डास."

एका दुपारी नाथा दमला. "चल, जागा बदलू. इथं पायऱ्या टोचतात."

"तुझ्याकडे जाऊ."

"येडा झालास? बाबा नाइटला असतात ना. दिवसा झोपतात. आवाज झाला तर चप्पल काढतील."

"हां, ते पण आहेच," उत्तम म्हणाला. "रात्रभर जागून आलेल्या माणसाला त्रास नको. इथंच बरं आहे."

खिडकीच्या आत कलावती उठून बसली. केस तसेच, पदर तसाच, ती बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"नाथाचे बाबा नाइटला असतात. आणि मी काय रे, रोज रात्री नाटकाला जाते?"

नाथानं पिंपावरचे हात मागे घेतले. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलला, "काकू, आता तुम्हीच सांगा. रॅप पाहिजे की नको?"

वरून हौसाबाई डोकावलीच होती. आता कलावती पिंप डोक्यात घालते की गिटार, एवढंच तिला बघायचं होतं. पण कलावतीला रागवायलाही त्राण नव्हतं. ती पायरीवर बसली, भिंतीला टेकली.

"इतके दिवस नुसतं बोलताय. एक तरी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलंत? वाजवा. मग सांगते."

वाजवलं नव्हतंच. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. उत्तमनं तारा आणखी सैल केल्या आणि सुरू केलं. आधी शांत, जाड, एकेक ठोका. मग नाथा भरभर काहीतरी बडबडला. मग ती फाटायची जागा आली, आणि नाथा असा किंचाळला, पिंप असं बडवलं, की दुसऱ्या मजल्यापर्यंत दारं उघडली. भांडण होईना म्हणून पोळ्यांकडे वळलेली हौसाबाई लाटणं घेऊन धावली. "कोण गेलं? कोण गेलं?"

कुणी गेलं नव्हतं. कलावती भिंतीला डोकं लावून, तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती. एवढ्या गदारोळात तिची पापणीही हलली नव्हती. बाही वर सरकली होती. उत्तमनं दंडावरचे निळे ठिपके बघितले आणि गिटारीवर हात आडवा ठेवला.

ती जागी झाली तेव्हा उन्हं उतरली होती. अंगावर चादर होती. "नळ!" म्हणून ती धडपडली.

"भरलंय सगळं," उत्तम म्हणाला. "ड्युटीला वेळ आहे. चहा घे."

चहा पाणचट होता. तिनं पिंपावर टिचकी मारली. काठोकाठ भरलेलं.

"मग काय ठरलं तुमचं?"

"नाथा म्हणतो, काकू झोपल्या म्हणजे ते न्यू मेटल नव्हतंच."

"आणि तू?"

उत्तमनं चादरीची घडी घालायला घेतली. "मी म्हटलं, आई गाण्यामुळे नाही झोपली."

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीखाली कुणी नव्हतं. सवयीनं कलावतीनं पडदा सारला. लांब कंपाउंडच्या भिंतीवर दोघं बसले होते. नाथा हवेत तबकडी मागेपुढे घासून दाखवत होता, उत्तम मान जोरजोरात हलवून न दिसणाऱ्या तारा खाली ओढत होता. भांडण पार हातघाईवर आलं होतं, पण तोंडं दोघांचीही बंद. तेवढ्यात भंगारवाल्यानं फाटकात आरोळी दिली, तर दोघंही उठून त्याच्या अंगावर धावले, बोट ओठांवर ठेवून.

कलावतीनं पडदा ओढला आणि आडवी झाली.