भिंतीपाशी राहिलेली ओळ

ज्याला जन्मात एकच गाणं येतं आणि तेही बेसूर येतं, असा माणूस अख्ख्या गल्लीचं किती भलं करू शकतो, हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी कळंबला येऊन आमच्या मामांना भेटावं. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सगळं आयुष्य मोंढ्यात धान्य मापण्यात गेलं, त्यामुळे गळा पोत्यांच्या थप्प्यांवरून हाका मारून तयार झालेला. गाणं त्यांच्या आईचं. ती खुरपताना म्हणायची. कुठं लिहिलेलं नाही, दुसऱ्या कुणाला येत नाही. त्यात देव नाही, राजा नाही, विरहसुद्धा नाही. नुसत्या घरादारातल्या गोष्टी. आणि मामांचा हट्ट असा, की जी ओळ जिथली, तिथंच ती म्हणायची. बसल्या जागी अख्खं गाणं त्यांनी कधी कुणाला ऐकवलं नाही.

सकाळी दूध आणायला निघाले, की शेजारच्या वहिनींच्या ओल्या साडीसमोर पिशवी खाली ठेवून थांबणार आणि "दोरीवर लुगडं न्हाय, नदी वाळत घातली" हे ऐकवूनच हलणार. पुढं खानावळीत भाकरी टम्म फुगलेली दिसली, की दारातूनच "फुगली भाकर, तवा गालात हसला". तोवर गिऱ्हाईक ताट धरून ताटकळत. उंबऱ्यावर ऊन आलेलं दिसलं, की "उंबऱ्यावर ऊन बाई, पाय टाकू कसा" म्हणत भलीमोठी ढांग. माझ्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी चहाचा ट्रे हातात घेऊन अशीच उडी मारली. पाहुण्यांना वाटलं, उंबऱ्यात साप आहे. मुलीचे वडील सरळ खुर्चीवर चढले. "ऊन तुडवायचं असतंय व्हय?" मामांनी उलट त्यांनाच विचारलं. लग्न झालं, पण सासरे अजूनही आमच्या घरात खाली बघत बघत शिरतात. समोरच्या रिटायर्ड क्लार्कसाहेबांनी तर या ओळीला कंटाळून, उंबऱ्यावर ऊनच पडू नये म्हणून दारावर पत्रा ठोकून घेतला. मामांनी पत्र्याच्या भोकातून पडणारा कवडसा शोधून काढला.

गेल्या हिवाळ्यात मामांना अर्धांगाचा झटका आला. धाराशिवच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा एक पाय फरफटत होता, बोलणं मात्र जमत होतं. गाणं तेवढं गेलं. चाल आठवे, पण शब्द एकही येईना. आत्या म्हणाली, "राहू द्या की अवो. जीव वाचला, बास झालं." मामा काठी चाचपत म्हणाले, "आईचं गाणं हाय. मी जाईन तवा जाईल. माझ्या आदी कसं जातंय, बघतोच."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. मागून आत्या, तिच्यामागून मी. वहिनींच्या दोरीपाशी मामा नुसते ओठ हलवत उभे राहिले. वहिनींनी क्षणभर बघितलं आणि साडी झटकत म्हणाल्या, "मामा, नदी वाळत घातली!" मामांनी ओळ पकडली. खानावळवालीनं तव्याची दिली. कमाल केली क्लार्कसाहेबांनी. ज्या ओळीपायी पत्रा ठोकला, तीच त्यांनी मामांच्या बेसूर चालीत, हेल काढून म्हणून दाखवली. "रोज कानावर आदळत होती, विसरेन कशी?" असं म्हणून ते घाईघाईनं आत गेले. गल्लीनं नको नको म्हणत गाणं दारोदार सांभाळून ठेवलं होतं.

राहिली फक्त शेवटची ओळ. ती मामा गल्लीच्या टोकाला म्हणायचे, आणि तिथं कुणाचंच दार नाही. एक मातीची भिंत आणि विजेचा खांब. "थांबायचे तिथं रोज," आत्या म्हणाली, "पण ऐकायला कोण असतंय?" मामा आता रोज त्या भिंतीसमोर जाऊन उभे राहतात. बघत राहिलं की येईल, म्हणतात. हळूहळू आम्हीही बघायला लागलो. वहिनींना भेगेतलं पिंपळाचं रोप दिसलं, क्लार्कसाहेबांना मुंग्यांची रांग. परवा मला भिंतीवर तारेची सावली दिसली, आणि सावलीच्या तारेवर झोके घेणारी चिमणीची सावली. मी मामांचा हात धरून त्यांना ती दाखवली. ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"न्हाय," ते म्हणाले, "हे न्हाय." मग माझा हात तसाच धरून म्हणाले, "पण आई असती तर तिनं हे बी घेतलं असतं गाण्यात."

चिमणी उडाली. दुसरी येईल म्हणून आम्ही दोघं तिथंच थांबलो.