चार घरचं पाणी

कुणाच्याही दारासमोर उभे राहिले की मुन्शीजी आधी टोपी काढून काखेत धरायचे आणि आत डोकावून विचारायचे, "पानी मिळंल का जरा, बाई?" पाणी आलं की भांडं तोंडाला लावून सावकाश प्यायचे, मिशा पुसायचे आणि मगच जमिनीचा विषय काढायचे. तोवर घरातलं माणूस उंबऱ्यावर निवांत टेकलेलं असायचं.

जिंतूरच्या रजिस्ट्री कचेरीबाहेर लिंबाखाली त्यांचं टेबल होतं. खरेदीखतं, वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं लिहून देणं हा त्यांचा धंदा. निजामाच्या अमलात उर्दू शिकलेले असल्यामुळे जुने कागद वाचून घ्यायला लोक लांबून यायचे, म्हणून ते मुन्शीजी. खरं नाव सांगून काही उपयोग नाही. त्यांचे स्वतःचे पाहुणेसुद्धा स्टँडवर उतरून "मुन्शीजीचं घर कुठं आलं?" असंच विचारायचे. तुमच्याही तालुक्याच्या गावी असा एखादा माणूस असेल, ज्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय कागद पक्का वाटत नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तो पुस्तकी शहाणा होऊन. आयटीआयमधून नकाशे काढायला शिकलो होतो. औरंगाबादला प्लॉट पाडून विकणाऱ्या एका साहेबांनी नोकरी कबूल केली होती, पण अट घातली होती, "सहा महिने कुठंतरी काम करून अनुभवाचा दाखला आणा." मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटला. वडिलांनी ओळखीने मुन्शीजींच्या टेबलाशी नेऊन उभं केलं. मी माझे नकाशे उलगडले. शाईची एकही रेघ हललेली नव्हती. मुन्शीजींनी चष्मा पुसून एकेक पाहिला.

"लय देखना हाय नकाशा," ते म्हणाले. "पर ह्यात राहतं कोन, इंजिनेर?"

त्या दिवसापासून मी इंजिनेर झालो. कचेरीतला शिपाईही मला त्याच नावाने हाक मारून हसायचा.

मुन्शीजींचा एक नेम होता. प्लॉट केवढाही असो, त्याच्या चारी बाजूंच्या चार घरी जाऊन पाणी प्यायल्याशिवाय ते खरेदीखताला हात लावत नसत. सातबाऱ्यावर नाव असतं, पण रुसलेला भाऊ नसतो, मुंबईला गेलेली बहीण नसते. ते सगळं पाण्याबरोबर बाहेर यायचं. एका गावी हद्दीचा दगड सापडेना. विकणारा आणि शेजारी एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागले. तिसऱ्या घरी मुन्शीजी पाणी पीत असताना तिथली बाई मोरीतल्या दगडावर धुणं आपटत होती. मुन्शीजी भांडं खाली ठेवून म्हणाले, "बाई, दगड लय गुळगुळीत केलास तू, पर हाय तो सरकारी." बाई लाजून आत पळाली आणि भांडण तिथंच विरघळलं. आयटीआयमध्ये मला हे कुणी शिकवलं नसतं.

चौथ्या महिन्यात त्यांनी मला एकट्याला बोरीला पाठवलं. रस्त्याकडेची आठ गुंठे जागा होती. घेणारे गृहस्थ येलदरीच्या वीजघरात नोकरीला होते आणि चारी बाजूंनी भिंत घालून घर बांधणार होते. मी फीत लावून जागा मोजली आणि तीन घरी पाणी प्यायलो. चौथं घर जागेच्या मागे, पूर्वेला होतं. बौद्ध वाड्यातलं पहिलं घर. दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

"बस की लेकरा. पानी देऊ का?" ती म्हणाली.

"नको आजी, तहान नाही," मी म्हणालो. उभ्या उभ्या तिच्या मुलाचं नाव विचारून लिहून घेतलं आणि सटकलो.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीचे दिवस होते. कॉलेजच्या पोरांत विषय निघाला की मी मोठ्या आवाजात नामांतराच्या बाजूने बोलायचो. पण आमच्या घरात त्या वस्तीचं पाणी कुणी प्यायलेलं नव्हतं, आणि भर उन्हात, घसा कोरडा पडलेला असताना, माझा हात पुढे झाला नाही. कुणी पाहत नव्हतं, कुणी अडवत नव्हतं. मला आजही त्याची शरम वाटते.

खरेदीच्या दिवशी सगळे जमले. घेणारे गृहस्थ, विकणारा शेतकरी, दोन साक्षीदार. मुन्शीजी दस्त लिहीत पूर्वेच्या बाजूपर्यंत आले आणि मान वर न करता विचारलं, "पूर्वंच्या घरचं पानी कसं होतं रे?"

"गोड होतं," मी म्हणालो.

त्यांनी पेनाला टोपण घातलं. "त्या वाड्यातला हापसा मचूळ हाय. चहासुदीक खारट होतो तिथला. उठा समदे, बोरीला जायचंय."

"अहो मुन्शीजी, बाराच्या आत मुहूर्त आहे!" गृहस्थ कळवळले.

"मुहूर्त काय, पुढच्या आठवड्यातबी निघंल. चला."

एसटीत सगळे माझ्याकडे पाहत होते. मुन्शीजी खिडकीतून बाहेरची शेतं बघत बसले होते. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हातारीचं नाव गयाबाई. मुन्शीजींना पाहून तिने घोंगडी अंथरली. पाणी आलं. मुन्शीजी प्याले आणि दुसरं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी प्यायलो. पाणी खरंच मचूळ होतं. गयाबाईला काय ते कळलं असावं, पण ती एवढंच म्हणाली, "आज तहान लागली म्हना लेकराला."

मग बोलता बोलता ती म्हणाली, "पऱ्हाट्याच्या ढिगाकडून आले ना तुमी? तीच आमची वाट. माझ्या सासूच्या येळपासून हाय."

जागेच्या कडेला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचलेल्या मी पाहिल्या होत्या. नकाशात ती बाजू कोरी सोडली होती. त्या ढिगाला खेटून, गयाबाईच्या घरापासून रस्त्यापर्यंत, पायाने घासून पांढरी झालेली वाट होती. माझ्या नकाशाबरहुकूम भिंत उभी राहिली असती, तर तिला मागच्या नाल्यातून जावं लागलं असतं, आणि पावसाळ्यात त्या नाल्याला कमरेएवढं पाणी असतं. नात शाळेत त्याच वाटेने जायची.

विकणारा म्हणाला, "आवो, ती तर चालतच आलीय. त्यात लिहायचं काय?"

"तू हाईस तवर चालंल. ह्यांनी भिंत घातल्यावर?" मुन्शीजी म्हणाले आणि गृहस्थांकडे वळले. "साहेब, भिंत बांधा, पर ही वाट सोडून. न्हाईतर ही म्हातारी जाईल कुठून? माझ्या हातून असा कागद व्हायचा न्हाई."

गृहस्थ बराच वेळ कुरकुरले. जागा आधीच लहान, त्यात ही वाट. मग त्यांनी गयाबाईच्या नातीकडे पाहिलं. ती दप्तर पाठीला लावून त्याच वाटेने उड्या मारत येत होती. "किती सोडायची?" त्यांनी विचारलं.

मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलं. "सांग इंजिनेर, किती?"

माझी चूक असूनही त्यांनी मलाच विचारलं, याने माझा ऊर भरून आला. मी पुन्हा फीत लावली. बैलगाडी डोळ्यांपुढे आणली आणि म्हणालो, "आठ फूट." पुढच्या आठवड्यात खरेदीखतात तेवढीच वाट कायमची लिहिली गेली, माझ्या हाताने.

सहा महिने झाल्यावर त्यांनी दाखला दिला. त्यात एकच ओळ होती, "यांस जमीन चालून पाहता येते." औरंगाबादच्या साहेबांना ती वाचून हसू आलं, पण त्यांनी नोकरी दिली. दोन वर्षांनी मी ती सोडून परत आलो आणि मुन्शीजींच्या शेजारी टेबल टाकलं. कुणी विचारलं तर ते सांगायचे, "आमचा इंजिनेर हाय." त्या शब्दातली थट्टा कधी संपली ते मला कळलं नाही. तेवढी सुखाची वर्षं मी पुन्हा पाहिली नाहीत.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या सालच्या उन्हाळ्यात गयाबाईच्या नातीचं लग्न होतं. मला आग्रहाचं बोलावणं होतं. नवरदेवाची जीप बँड लावून त्या वाटेत शिरली आणि अडकल्यासारखीच झाली. दोन्हीकडची माणसं भिंतीला चिकटली, ढोलवाल्याला जागा उरेना. तेव्हा वीजघरातल्या त्या गृहस्थांनी आपलं फाटक उघडलं आणि निम्मी मंडळी त्यांच्या अंगणातून नाचत पुढे गेली. गयाबाई काठी टेकून सगळ्यांच्या पुढे होती.

दहा फूट पाहिजे होते. आठ कमीच पडले. माझं चुकलं होतं आणि ते एकाच माणसाला सांगण्यासारखं होतं. "मुन्शीजी, दोन फूट कमी पडले बघा," म्हणत मी हसून शेजारी वळलो. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.