हिरवं बटण दाबा

देवळाली प्रवरा आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर गोरक्ष ढूसचा चेहरा ओळखणारे थोडे, पण त्याचा आवाज शेंबड्या पोरालाही ठाऊक. गावात कोणी वारलं, कोणाकडे दशक्रिया असली, नळाला पाणी येणार नसलं, की भोंगा लावलेली रिक्षा गल्लोगल्ली फिरते आणि भोंग्यातून गोरक्ष बोलतो. रिक्षा दुसऱ्याची, भोंगा मंडपवाल्याचा. आवाज तेवढा गोरक्षचा.

विशीतच त्याची नजर हळूहळू उतरत गेली आणि एक दिवस संपली. पुढे त्याला टेलिफोनचा बूथ मिळाला. मोबाईल आले, बूथ गेला. उरला गळा. त्या गळ्यावर त्याने संसार उभा केला, आणि तो कसा, हे सांगण्यासारखं आहे. पुकाऱ्याचा मजकूर त्याला व्हॉट्सॲपवर येतो. पडद्यावरचं वाचून दाखवण्याची सोय मोबाईलमध्ये असते; तिचा आवाज बाईचा, म्हणून गोरक्ष तिला बाई म्हणतो. एका कानात बाई भरभर वाचत जाते आणि गोरक्ष अर्धं वाक्य मागे राहून तेच खड्या आवाजात माइकमध्ये बोलतो. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस समोर कागद धरून वाचतो आहे.

त्याचा खरा लौकिक मात्र निराळ्याच गोष्टीसाठी होता. विशेषणं. आमच्या भागात माणूस गेला तर त्याच्या नावाआधी त्याच्या पुढाऱ्याचं नाव येतं, आणि पुढाऱ्याच्या नावाआधी त्याची विशेषणं येतात. कोण सहकाररत्न, कोण कार्यसम्राट, कोण नुसताच युवा नेता, कोणाच्या मागे 'साहेब' आणि कोणाच्या मागे 'पाटील', हा सगळा क्रम गोरक्षला पाठ होता. एक 'माननीय' गळला तर संध्याकाळी दारात माणसं येतात, हे त्याला माहीत होतं. वीस वर्षांत त्याच्या तोंडून एकाही जिवंत माणसाचं विशेषण गळलं नाही. मेलेल्या माणसाचं नाव मात्र पुष्कळदा, तिथवर पोचेपर्यंत रिक्षाच पुढच्या गल्लीत गेल्यामुळे, कोणाला ऐकू आलं नाही. त्याची तक्रार करायला मेलेला येत नाही.

अडचण होती ती जागेची. भोंग्यातून वाजायच्या पुकाऱ्याचं ध्वनिमुद्रण घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, पेंडीच्या पोत्यांमध्ये बसून चाले. एका सेवानिवृत्त गुरुजींच्या श्रद्धांजलीत 'यांचे दुःखद निधन' या शब्दांनंतर अश्विनीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, कुकरची शिट्टी वाजली आणि तशीच ती गावभर फिरली. गुरुजींच्या मुलांनी वर्षभर बोलणं टाकलं. तेव्हापासून गोरक्षला एकच ध्यास लागला: भिंती असलेली, खिडकी नसलेली, बाजारपेठेतली स्वतःची एक खोली.

अशी खोली अवतरलीही. नवसंजीवन बहुउद्देशीय सहकारी संस्थेने गावात व्यापारी संकुल बांधलं. त्यात जिन्याखालचा कोपऱ्यातला एक गाळा दिव्यांगांसाठी राखीव ठेवला. त्याला खिडकी नव्हती, वारा नव्हता, आणि दाराशी चार उंच पायऱ्या होत्या. पोलिओने पाय गेलेला एक जण पाहायला आला, पायऱ्यांना हात जोडून परत गेला. कोणालाही नको असलेला तो गाळा गोरक्षला मात्र मापाने शिवल्यासारखा होता. तो आत उभा राहिला, एकदा खाकरला आणि भिंतींनी आवाज गिळला तेव्हा लग्नातसुद्धा हसला नव्हता असा हसला.

अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावरूनच करायचा होता, गुरुवारी संध्याकाळपर्यंत. दिव्यांग अर्जदाराने तो स्वतःच्या मोबाईलवरून स्वतःच भरावा, दुसऱ्याने भरल्यास बाद, अशी अट होती. मागे एका आंधळ्या चुलत्याच्या नावावर पुतण्याने गाळा घेऊन त्यात बिअर शॉपी टाकली होती. तिच्यापासून संस्थेने हा धडा घेतला होता.

गोरक्ष मोबाईल घेऊन बसला. नाव आणि नंबर टाकून आत जाणं सहज जमलं. ते पान पुण्याच्या पोरांनी केलेलं होतं आणि संस्थेच्या कोणी त्याला हात लावला नव्हता. आतल्या पानाला मात्र संस्थेचे व्यवस्थापक यज्ञेश्वर कुलकर्णी यांचा हात लागला होता.

बाईने वाचायला सुरुवात केली. "सहकाररत्न, कार्यसम्राट, गोरगरिबांचे कैवारी, माननीय श्री. सोन्याबापू पाटील वाळुंज, चेअरमन. पांढऱ्या नेहरू शर्टात, हात जोडलेल्या मुद्रेत, स्मितहास्य करताना. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." मग व्हाइस चेअरमन, जाकिटात. मग संचालक, ज्येष्ठतेप्रमाणे. गोरक्षने आदराने सगळं ऐकून घेतलं. धंद्यातला माणूस होता. मग बोटाने पडदा सरकवत तो पुढे गेला.

"बटण. नाव नाही," बाई म्हणाली. पुढचं. "बटण. नाव नाही." त्यापुढचं. "बटण." आणि ती 'नाव नाही' म्हणायच्या आत वरची चित्रं आपोआप सरकली, बाईने हातातलं काम टाकलं आणि ती पुन्हा सुरू झाली: "सहकाररत्न, कार्यसम्राट, गोरगरिबांचे कैवारी..." बोट होतं तिथून उडून पानाच्या माथ्यावर गेलं होतं.

मोबाईलवर न पाहता काम करणाऱ्याची रीत अशी की बोटाने एकेक वस्तू ओलांडत जायचं, बाई तिचं नाव सांगते, हवी ती वस्तू आली की दोनदा टिचकी मारायची. वस्तूला नावच नसेल तर बाई तरी काय सांगणार? अंधाऱ्या खोलीत सारखे डबे मांडून ठेवावेत, साखर कशात आणि युरिया कशात हे कोणावर लिहू नये, आणि वर घरधन्याने दर दोन मिनिटांनी येऊन आपलं नाव सांगावं, तसला प्रकार. गोरक्षने टिचकी मारून पाहिली. मोबाईलने टुण्ण असा आनंदी आवाज केला आणि काहीच झालं नाही. त्याने पुन्हा मारली. पुन्हा टुण्ण.

अश्विनी चहा घेऊन आली तेव्हा कैवाऱ्यांची तिसरी फेरी चालू होती. तिने ती उभ्यानेच ऐकली.

"वीस वरसं तुमी लोकांच्या कानात जे वतलं," ती म्हणाली, "त्येच आता तुमच्या कानात यायलंय. प्या गुमान."

मग द्या इकडं, मी दाबते, असंही ती म्हणाली. गोरक्षने मोबाईल छातीशी धरला. आंधळ्याचा अर्ज डोळसाने भरला तर बाद, आणि आपण बाद व्हायला जन्मलो नाही, हे त्याने तिला ऐकवलं. थोडा नियम होता, बराचसा ताठा होता.

दुसऱ्या दिवशी तो संस्थेत गेला. यज्ञेश्वर कुलकर्णी हे फार व्यवस्थित गृहस्थ. अंध व्यक्तींसाठी संकेतस्थळावरील प्रत्येक चित्राचं वर्णन असावं, असा आदेश वरून आला होता, आणि वरून आलेला आदेश ते शब्दशः पाळत. सगळ्या संचालकांचं वर्णन त्यांनी स्वतः बसून लिहिलं होतं. कोणाचं जाकीट कोणत्या रंगाचं, हे फोन करून विचारलं होतं. बटणं ही चित्रं नव्हेत, त्यामुळे बटणांचा आदेशात उल्लेख नव्हता.

"तुम्हाला फोटो ऐकू येतात की नाही?" त्यांनी विचारलं.

"येत्यात."

"सगळे?"

"सगळे येत्यात, साहेब. जाकिटासकट."

"मग झालं तर. जिल्ह्यात अशी सोय कोणाकडे नाही."

"पर अर्जाचं बटण कंचं?"

यज्ञेश्वरांनी आपल्या संगणकाकडे पाहिलं आणि अतिशय सहानुभूतीने सांगितलं, "हिरवं बटण दाबा. अगदी ठळक आहे. चुकणारच नाही."

गोरक्षने मान डोलावली. आभारही मानले. या देशात आंधळ्याला असा सल्ला मिळाल्यावर आभार मानण्याचीच पद्धत आहे.

गुरुवारपर्यंत तो त्या पानाशी झटला. एका बटणाने चेअरमन साहेबांना थेट फोन लागला, तो त्याने घाबरून कापला. एका बटणाने वार्षिक अहवाल मोबाईलमध्ये उतरवून घेतला. बाकी बहुतेक वेळा चित्र सरकायचं, बोट माथ्यावर उडायचं, आणि अंदाजाने मारलेली टिचकी वरच्या पहिल्याच बटणावर पडायची. टुण्ण. प्रत्येक टुण्णला त्याला वाटे, या खेपेला गेला अर्ज. संध्याकाळ झाली, मुदत टळली, आणि अर्ज गेला की नाही हे सांगणारं काही बाईच्या तोंडून बाहेर पडलं नाही.

शुक्रवारी सकाळी यज्ञेश्वरांचा स्वतः फोन आला. संकुलाचं उद्घाटन आणि साहेबांचा वाढदिवस एकत्र आहे, तुमचा सत्कार ठरला आहे, पत्नीसह या. गोरक्षने नवा सदरा घातला. सत्कार म्हणजे गाळाच, दुसरं काय असणार? अश्विनीने वाटेत पेढेसुद्धा घेतले.

मंडप भरला होता. गोरक्षला आधार देऊन वर नेलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला. मग यज्ञेश्वरांनी माइकवरून जाहीर केलं की, संकेतस्थळावरील 'शुभेच्छा द्या' हे बटण दाबून साहेबांना सर्वांत जास्त वेळा शुभेच्छा देणारे भाग्यवान सभासद आहेत श्री. गोरक्ष ढूस. गुरुवारी तर त्यांनी दिवसभर शुभेच्छा दिल्या.

टाळ्या झाल्या. टुण्ण म्हणजे काय होतं ते गोरक्षला टाळ्यांमध्ये उभं असताना कळलं.

सोन्याबापूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लई जीव लावतो रं तू," ते म्हणाले. "सख्ख्या पुतण्यानं एकदाच दाबलं."

"साहेब, त्यो गाळा..." गोरक्ष म्हणाला.

कोणता गाळा, ते साहेबांना आठवेना. यज्ञेश्वरांनी पुढे वाकून हलक्या आवाजात खुलासा केला: दिव्यांगांमधून एकही अर्ज आला नाही, तेव्हा तो गाळा नियमाप्रमाणे सर्वसाधारण गटात जाईल. मग सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत म्हणून त्यांनी माइक गोरक्षच्या हातात दिला. आयुष्यात त्यांनी केलेली ही एकमेव अव्यवस्थित गोष्ट.

गोरक्षने माइक तोंडाशी धरला आणि त्याचा नेहमीचा, पुकाऱ्याचा आवाज निघाला. तो ऐकताच मागच्या बायकांनी सवयीने पदर सावरले. कोण गेलं गं, असं एकीने विचारलंही.

"सोन्याबापू वाळुंज यांना कळवण्यात येते की," गोरक्ष म्हणाला.

आधी काही नाही, मागे काही नाही. नुसतं नाव. चेअरमन झाल्यापासून ते तसं कोणी चारचौघांत उच्चारलं नव्हतं.

"गोरक्ष ढूस यांनी आपल्याला शुभेच्छा दिलेल्या नाहीत. ते गाळ्यासाठी अर्ज करीत होते. आपल्या संकेतस्थळावर आपल्या शर्टाचा रंग सांगितलेला आहे. अर्जाचं बटण कोणतं, ते सांगितलेलं नाही. सदर गृहस्थ आंधळे असल्यामुळे हिरवं बटण त्यांना हिरवं दिसत नाही. तरी सर्व संबंधितांनी याची नोंद घ्यावी."

माइक खाली ठेवून तो अश्विनीच्या आवाजाच्या दिशेने चालू लागला. शाल त्याने अंगावर तशीच ठेवली. थंडीचे दिवस होते.

तेवढं भाषण पोरांच्या मोबाईलमधून संध्याकाळपर्यंत पार मिरजगावला पोचलं. सोन्याबापू रात्रीचे जेवले नाहीत म्हणे. आंधळ्याचा गाळा गेला याचं दुःख त्यांना नव्हतं; नावाचं सगळं मागचंपुढचं कापलं, तेही वाढदिवसाला, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. पण संस्थेची निवडणूक तोंडावर होती आणि ते हिशेबी गृहस्थ होते. राखीव गाळ्याची मुदत वाढवा, असं त्यांनी यज्ञेश्वरांना सांगितलं. आणि त्या बटणांना नावं द्या. चांगली द्या.

यज्ञेश्वरांनी हाही आदेश शब्दशः पाळला.

गोरक्षने पान पुन्हा उघडलं. चित्रं पूर्वीसारखीच सरकत होती. त्यांच्याबद्दल आदेश नव्हता. तो पहिल्या बटणावर आला. "सहकाररत्न, कार्यसम्राट, गोरगरिबांचे कैवारी, माननीय श्री. सोन्याबापू पाटील वाळुंज यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या ऑनलाइन सेवेअंतर्गत..." आणि चित्र सरकलं. सेवेअंतर्गत काय, ते ऐकायला मिळालंच नाही. दुसरं बटण प्रेरणेनेच सुरू होत होतं. तिसरंही.

अश्विनी चुलीपाशी हसू दाबत होती ते त्याला ऐकू येत होतं.

मग त्याने बाईचा वेग वाढवला. आणखी वाढवला. तिला जेवढं पळता येत होतं तेवढं पळवलं. आता सहकाररत्नापासून सेवेअंतर्गतपर्यंत सगळं कानाजवळून माशी जावी तसं भुर्रकन गेलं, आणि शेवटाला चार शब्द ओळखू आले: "गाळ्यासाठी अर्ज सादर करा." त्याने टिचकी मारली. टुण्ण झालं नाही. त्याऐवजी बाईने त्याला त्याचं नाव विचारलं.

गाळा त्याला मिळाला. दुसरा अर्जदारच नव्हता. संस्थेच्या पुढच्या अहवालात या यशाचा उल्लेख यज्ञेश्वरांनी फोटोसह केला.

जिन्याखालच्या त्या खोलीत बसून गोरक्षने पहिला पुकारा केला तो एका संचालकाच्या मातोश्रींच्या दशक्रियेचा. मजकूर नेहमीसारखाच आला होता, अर्ध्याहून अधिक विशेषणांचा. एकही न गाळता, ठरलेल्या क्रमाने, गोरक्षने ती सगळी म्हटली. बाईच्या वेगाने म्हटली. भुर्रकन. मग थांबून, श्वास घेऊन, म्हातारीचं नाव, वार, वेळ आणि नदीचा घाट त्याने इतक्या सावकाश आणि स्वच्छ सांगितला की रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तरी ऐकू येत राहिलं. दशक्रियेला प्रथमच माणसं वेळेवर आली.

त्याच आठवड्यात यज्ञेश्वर त्या चार पायऱ्या धापा टाकत चढून आले. तक्रार घेऊन आले होते. साहेब नाराज आहेत, भोंग्यातून साहेबांचं नाव ऐकूच येत नाही, असं त्यांनी उभ्यानेच सांगितलं.

"येतं की, साहेब," गोरक्ष म्हणाला. "सगळं हाय त्यात, जाकिटासकट. तुमी फकस्त कानाचा येग वाढवा."