मध्यंतराला उठणारे दादा

मध्यंतराचे दिवे लागले की दादा खुर्चीतून उठत, पडद्याकडे पाठ करून उभे राहत आणि प्रेक्षकांकडे टक लावून बघत. पाचएक मिनिटांनी त्यांचा उजवा हात वर जाई. तीन बोटं म्हणजे चित्र तीन हफ्ते चालणार, चार म्हणजे चार. दोन दिसली की चित्र आणणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळायचं. मग धोतराचा सोगा सावरून ते सरळ घरी जात. उरलेलं चित्र त्यांनी कधी पाहिलंच नाही. "बाळ, निकाल मध्यंतरातच लागतो," म्हणायचे.

हा माणूस मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलोत बापडे.

मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदुरात, बड्या गणपतीच्या आमच्या गल्लीत अजून शिव्या चालू होत्या. दादा तिथेच चार घरं सोडून राहत. पूर्वी संस्थानाच्या जकात कचेरीत कारकून, आता पेन्शनीत. पण नवं चित्र लागण्याआधी सकाळी नऊला जो फुकटचा खेळ व्हायचा, त्याला त्यांना मानाची खुर्ची. हा खेळ थिएटरवाल्यांसाठी आणि त्यांच्या ओळखीच्या घरांसाठी असे. दादा बघायचे ते बायकांची बाजू. बाई जागेवर बसून राहिली तर चित्र चाललं. पोर काखेला मारून बाहेर पडली तर खलास.

आणि खरं ठरायचं हो! सगळे थक्क व्हायचे. मीही व्हायचो, वर्षभर. मग एक दिवस डोक्यात उजेड पडला. दादांनी दोन बोटं दाखवली की थिएटरचा मालक त्याच दुपारी तिसऱ्या हफ्त्यासाठी दुसरं चित्र पक्कं करायचा. आता मला सांगा, ते बिचारं तिसरा हफ्ता बघणार कुठून? हे मी त्यांना एकदा तोंडावर विचारलं. दादा माझ्याच पुड्यातली सेव खात होते. "बाळ, तू अजून लहान आहेस," म्हणाले आणि पुडा संपवून परत दिला.

लग्नातसुद्धा गप्प बसायचे नाहीत. आमच्या मावशीच्या लग्नात पहिल्या पंगतीला भाजी चाखून म्हणाले, "दुसऱ्या पंगतीला पुरणार नाही." आजोबांनी घाबरून वाढप्यांना हात आखडता घ्यायला लावला. भाजी दोन पातेली उरली आणि लोक अर्धपोटी उठले. दादा म्हणाले, "मी सांगितलं म्हणून वाचलात." असा माणूस.

मी चित्रं वाटणाऱ्या एका शेठजींकडे नोकरीला होतो. मुंबईहून चित्र आणायचं आणि इंदूर, उज्जैन, देवास, रतलामला लावायचं, हा धंदा. पाचव्या वर्षी शेठजींनी पहिल्यांदा मला मुंबईला पाठवलं. मी एक साधंसं कौटुंबिक चित्र निवडलं. मारामारी नाही, मोठं नाव नाही. पण दुसऱ्या अर्ध्यात असं काही होतं की मी अंधारात रुमाल शोधत बसलो. शेठजी म्हणाले, "तू लाया है। चली तो मैनेजर तू। नहीं चली तो भिया, दूसरा घर देख लेना।" घरात पगार माझा एकट्याचा होता.

चित्राच्या रिळांची पेटी आली ती गणपतीत. शेठजींनी सकाळचा खेळ ठेवला तो नेमका महालक्ष्म्या यायच्या दिवशी. मी म्हटलं, "शेठजी, त्या दिवशी आमच्या बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते." ते म्हणाले, "अरे, तीन घंटे की तो बात है। बाद में बिठा लेना महालक्ष्मी।"

बायका आल्या, फुकटचा पास कोण सोडतो? पण मध्यंतराला दिवे लागले आणि सगळी बाजू भराभर उठली. घरी फराळाचं व्हायचं होतं, मुखवटे उजळायचे होते, दारापासून पावलं काढायची होती. दादांच्या घरी महालक्ष्म्या बसत नसत. त्यांच्या ते ध्यानीमनीही नाही. त्यांनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि दोन बोटं वर केली.

मी धावत गेलो. "दादा, अहो आज महालक्ष्म्या आहेत!"

"कारणं सगळेच सांगतात, बाळ."

शुक्रवारी चित्र लागलं. पहिला हफ्ता गणपतीत गेला, सगळं शहर झांक्यांच्या, गणपतीच्या देखाव्यांच्या मागे. दुसऱ्या हफ्त्यात बायका मोकळ्या झाल्या. सोमवारी दहा-बारा, मंगळवारी बाजू अर्धी भरली. बुधवारी दुपारच्या खेळाला सासवा-सुना मिळून आल्या, पितृपक्षाचीही पर्वा नाही. गुरुवारी तिकिटं संपली. मी मालकाच्या पाया पडायचा बाकी होतो. ते म्हणाले, "देखो भिया, अगली पिक्चर की पेटी आ चुकी है। पर दादा कह दें, तो एक हफ्ता आगे सरका दूँगा।"

मी दादांकडे जायला निघालो, तर दुपारच्या खेळातून तेच बाहेर येताना दिसले. बायकोनं हट्ट धरला म्हणून तिला घेऊन आले होते. खेळ सुटल्यावर! म्हणजे शेवटपर्यंत बसले होते. डोळे लालभडक. चष्मा हातात.

"दादा, पाहिलंत ना पूर्ण?"

"पाहिलं."

"मग मालक आत बसलेत. एक शब्द टाका. माझी नोकरी जातेय हो."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. बायको तांग्याशी जाऊन उभी होती.

"दोन म्हटले होते मी."

"चुकले असाल! माणूस चुकत नाही का?"

"माणूस चुकतो रे. मी चुकलो तर उद्या मला खुर्ची कोण देईल?" असं म्हणून ते तांग्यात जाऊन बसले.

शुक्रवारी भरल्या थिएटरातून माझं चित्र उतरलं. इंदूरला दोन म्हटल्यावर उज्जैन-देवासनंही दोनच दिले. शेठजींनी महिनाअखेरीला हिशोब करून मला मोकळं केलं. सात महिने मी घरी बसलो, मग वीज खात्यात चिकटलो. दादा समोरून आले की मी रस्ता बदलायचो. तुम्ही म्हणाल, केवढा हा डूख! हो, होता. अजून आहे.

दादा गेले तेव्हा आई म्हणाली, "चार घरांवरचं माणूस, भेटून ये." गेलो. काकूंनी चहा पुढे ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"ते चित्र तूच आणलं होतंस ना? ह्यांनी शेवटपर्यंत पाहिलेलं तेवढं एकच. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, चुकलो गं, पोराचं नुकसान केलं."

मला बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "मग काकू, थिएटरात का नाही सांगितलं त्यांनी?"

काकूंना प्रश्नच कळला नाही. "अरे, मला सांगितलं ना," म्हणाल्या.

मी चहा तसाच ठेवून उठलो. बाहेर चपला घालताना मला रडू फुटलं, आणि त्या माणसासाठी फुटलं म्हणून आणखीच संताप आला.