दत्तोबाची बाजू

दत्तोबा गेल्याचा फोन त्याच्या सुनेने केला. "मास्तर, आबा गेलं... तुमी येताय ना?" भोरहून एसटी बदलत पासलीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परतणारे लोक एकमेकांना सांगत होते, "खलनायक लई भारी करायचा." माणसाचं एवढंच उरावं? त्या दिवशीचा संताप महिना झाला तरी ओसरलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्यावरचाच आहे.

पासलीच्या शाळेत मी बारा वर्षं शिक्षक होतो. जत्रेचं नाटक दरवर्षी मीच लिहायचो. दत्तोबा भातशेती करायचा. धिप्पाड देह, खर्जातला आवाज, म्हणून पहिल्याच वर्षी मी त्याला खलनायक केलं आणि तो कायमचा तिथेच राहिला. तालमीत मात्र भंडावून सोडायचा. "मास्तर, ह्यो मानूस असा वंगाळ का वागतोय?" मी म्हणायचो, "नायकाला अडवायला कुणीतरी लागतं." "आवो, पन त्याला बी कायतरी हवं असंल की. त्याच्या घरनं बघितलं तर ह्योच नायक न्हवं का?" मी वैतागायचो. "दत्तोबा, टाळ्या कुणाला द्यायच्या ते लोकांना पटकन कळलं पाहिजे."

मग वरच्या वाडीचा रस्ता आला. तो दत्तोबाच्या खाचरातून आखला गेला आणि त्याने नकार दिला. बांधाखाली जिवंत झरा आहे, खोदाईत तो बुजेल, खालची तीन खाचरं सुकतील, असं त्याचं म्हणणं. वरच्या अंगाची दुसरी पट्टी द्यायला तो तयार होता. मला नेऊन त्याने तो झरा दाखवला होता. त्या गार पाण्यात मी हात बुडवला होता. पण ग्रामसभेत त्याने तोंड उघडलं की मागून कुणीतरी नाटकातलं त्याचंच वाक्य फेकायचं आणि सभा हसायची. शेवटी तो माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी सांगा की." मी चष्मा पुसत बसलो. मी बाहेरगावचा, नोकरी तिथेच करायची होती... रस्ता झाला. झरा बुजला.

त्या वर्षीही दत्तोबाने खलनायक केला. पहिल्यांदाच काही विचारलं नाही. लाज वाटते सांगायला, पण मला सुटल्यासारखं झालं. पुढे माझी बदली झाली.

आता त्याच्यावर नाटक लिहायला बसतो. त्याला नायक केलं की लगेच खलनायक शोधावा लागतो. वाडीतले लोक? बाळंतिणीला डोलीत घालून डोंगर उतरणारी ती माणसं, त्यांना रस्ता नको होता का? कागद फाडतो. पुन्हा बसतो. पुन्हा फाडतो.

दहाव्याला सुनेने नाटकाच्या वह्या माझ्या हातात दिल्या. काल त्या उघडल्या. खलनायकाच्या वाक्यांशेजारी दत्तोबाने पेन्सिलीने कारणं लिहून ठेवली आहेत. "ह्याला कुनी लग्नाला बोलावलं न्हाई." "ह्याचा भाऊ ह्याच्याशी बोलत न्हाई." शेवटची वही रस्त्याच्या वर्षीची. त्या नाटकात चावडीवरच्या प्रसंगात मी एक कारकून घातला होता. त्याला सगळं ठाऊक असतं. संवाद एकही नाही. "कारकून गप्प बसतो" एवढीच सूचना. ते पात्र दत्तोबाचं नव्हतंही. तरी शेजारी लिहिलंय, "भ्याला असंल. त्याला हितंच ऱ्हायाचंय."

एक शिवी तरी घालायची होतीस, दत्तोबा.